गिरणीवरची पोथी

आमच्या गिरणीची लाईट गेली की मला आता बरं वाटतं. हे वीजवाल्यांच्या कानावर जाऊ नये म्हणजे झालं, नाहीतर ते मुद्दाम घालवतील. आधी असं नव्हतं. लाईट गेली की पट्टा थांबायच्या आत माझं तोंड सुरू व्हायचं. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका ओट्यावर खोळंबायच्या, कुणाची ज्वारी अर्धी पडलेली, कुणाच्या घरी तवा तापायचा, आणि सगळ्या माझ्याकडं अशा बघायच्या की बटण मीच दाबलंय. आता लाईट गेली की त्यांच्यातलीच एखादी म्हणते, "बरं झालं बया, गेली एकदाची. काढा पुस्तक."

हे सगळं झालं ते माझ्या सासऱ्यांमुळं. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तीच पद्धत.

आमचं घर तेरमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत गिरणी, दारात लांब ओटा, ओट्यावर एका अंगाला मामांची बाज. मामा म्हणजे गावाचे सूचक. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आमच्या मंदिरात महिनाभर पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, तो वाचक. ओवी वाचून तो थांबतो आणि शेजारी बसलेला माणूस तिचा अर्थ फोडून सांगतो, तो सूचक. तीस वर्षं ती जागा मामांची होती. पोथीत राक्षस आला की मामा त्याला असा उभा करायचे की तो आत्ता आपल्याच बांधावर येऊन भांडतोय. लोक पोट धरून हसायचे आणि पुढच्याच ओवीला डोळे पुसायचे. अर्थ सांगून झाला की मामा मांडीवर थाप मारायचे आणि वाचकाला म्हणायचे, "हां, चला महाराज." मग वाचक पुढची ओवी घ्यायचा. बायकांच्या बाजूला वाती वळत बसून मी ते "चला महाराज" बावीस वर्षं ऐकलं.

हेच मामा घरात माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. राग नव्हता, रीतच तशी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर "तिला म्हणावं चहा टाक." त्या गेल्यावर मामा ओट्यावरच्या खांबाकडं बघून विचारायचे, "चहा झाला का?" मीही खांबालाच सांगायची, "झालाय." त्या खांबाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक.

गेल्या साली दिवाळी झाली आणि मामांच्या अंगावरून वारं गेलं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. हात-पाय हळूहळू आले, काठी घेऊन चालायला लागले. पण वाचा अडकली. डोक्यात शब्द असायचा एक आणि तोंडात यायचा दुसराच.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून लाज वाटते. दवाखान्यात तिसऱ्या का चौथ्या दिवशी मामांना तहान लागली होती. ते ग्लासकडं बोट करून मोठ्या कष्टानं म्हणाले, "चप्पल." दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता की काय, मला हसू फुटलं. फसकन हसले. मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच. ज्या माणसाच्या शब्दावर सगळं मंदिर डोलायचं त्याच्या शब्दाला सून हसली. त्यानंतर त्यांनी तोंडातून एक अक्षर काढलं नाही. पाणी पाहिजे असलं तर काठी आपटायचे.

डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत. बोलतं करा त्यांना. जितका उशीर कराल तितकं अवघड." मामांना सगळं गाव अण्णा म्हणतं, घरातही तेच. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "अण्णांची मर्जी. जबरदस्ती कशी करावी?" मालकांना सगळ्यात सोपं ते हेच सुचतं. पण हसले होते मी. मामा बोलले पाहिजेत, आणि श्रावणाच्या आत बोलले पाहिजेत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. एकदा का मंदिरातली जागा दुसऱ्याला गेली की मग मामांनी बोलायचं तरी कशासाठी?

पहिल्यांदा मी पोथीच काढली. देवघरातून लाल फडक्यातली पोथी आणली, बाजेजवळ बसले, एक ओवी वाचली आणि थांबले. म्हटलं, सवयीनं तरी अर्थ सांगतील. मामांनी भिंतीकडं तोंड केलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मी पोथी परत बांधून ठेवली. चांगलं करायला जावं आणि उलटंच व्हावं, अशी माझी गत.

घरात त्याशिवाय पुस्तक होतं ते एकच. पोरगं पुण्याला शिकायला आहे, त्यानं सुट्टीत आणून टाकलेलं. आयुष्यात यशस्वी कसं व्हायचं ते सांगणारं. मी दहावी झाले त्यानंतर दळणाच्या चिठ्ठ्या सोडून काही वाचलं नव्हतं. पण एक दिवस दुपारी लाईट गेली, ओट्यावर पाच-सहा बायका होत्या, मामा बाजेवर होते. मी ते पुस्तक घेऊन बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

त्यात पहिलंच लिहिलेलं, सकाळी पाचला उठा, आरशात बघा आणि म्हणा, मी हे करू शकतो.

"पाचला?" एक म्हातारी म्हणाली. "पाचला तर आमचं शेणपाणी आवरलेलं असतंय. ह्यो कवा उठतोय?"

"आरशात बघून बोलायचं म्हणं. आमच्या सासूनं बघितलं तर देवऋषी आणील."

"वाचा वाचा, पुढं काय म्हणतोय ते बघू."

पुढं म्हणत होता की नकारात्मक माणसांपासून लांब राहा. त्यावर एकीनं आपल्या नवऱ्याचं असं वर्णन केलं की ओटा हादरला. मी बाजेकडं बघितलं. मामांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता. दुसरा कोपरा अजून नीट हलत नव्हता, म्हणून हसू अर्धंच दिसलं. मला तेवढं पुष्कळ झालं. त्या रात्री मी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

आणि खोटं कशाला बोलू, त्या पुस्तकातलं एक मला पटलंही होतं. मोठं काम असलं तर त्याचा रोज बोटभर तुकडा करायचा, असं त्यात होतं. मी ठरवलं, लाईट गेली की वाचायचं. लाईट आमची रोजच जाते, त्यामुळं नेम चुकायची भीती नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. त्या ज्वारी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते वाचन ऐकलं आणि जाताना म्हणाल्या, "घरी ये. एवढ्या एका पुस्तकावर किती दिवस काढशील?"

मी इतकी वर्षं गल्लीत राहून बाईंच्या घरात आतपर्यंत कधी गेले नव्हते. का नव्हते गेले, ते दोघींनाही माहीत आहे आणि ते आमच्या घराला शोभणारं नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली काचेचं कपाट, पुस्तकांनी खच्चून भरलेलं. बाईंचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. त्यांनी घर बांधल्यावर पहिलं सामान आणलं ते हे कपाट. "पलंग लई नंतर आला," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा केला. मी दोन कप प्याले आणि बावीस वर्षांच्या वेडेपणाबद्दल मनातल्या मनात स्वतःला सुनावलं.

बाईंनी पहिल्यांदा दिलं ते एका नर्सबाईचं आत्मचरित्र. म्हटलं, हे काय ऐकणार आमच्या बायका? त्यात राजा नाही, राक्षस नाही. गावोगावी बदली होऊन बाळंतपणं करत फिरलेली एक साधी बाई. पण तिनं पहिल्या पगाराच्या घड्याळावर चार पानं लिहिली होती. चार पानं! घड्याळ हातात बांधून ती मुद्दाम नळाखाली हात धुवायला जायची, लोकांनी बघावं म्हणून, आणि पाणी जाऊन ते बंद पडलं. ओट्यावर बायका हसून हसून बेजार झाल्या आणि मग एकेक जण आपापलं सांगायला लागली. कुणाची पहिली साडी, कुणाची पहिली सायकल. मला मात्र वेगळंच वाटत होतं. असंही लिहिता येतं होय? मग माझ्या गिरणीवर तर चाळीस पानं होतील. आज हे लिहायला बसले त्याचं मूळ त्या घड्याळात आहे.

त्या पुस्तकाच्या वेळी मामांनी काठीनं ढोसून बाज दोन हात अलीकडं सरकवून घेतली. बोलले नाहीत. पण बाज सरकली.

नंतर बाईंनी एक ध्यानाचं पुस्तक दिलं. डोळे मिटा, श्वास आत येतो तो बघा, बाहेर जातो तो बघा. लिहिलं होतं फार सुंदर, माझ्या तर मनाला थंड वाटलं. पण दुपारची वेळ, पोटात भाकरी, वर पत्र्याची ऊब. तिसऱ्या पानाला सगळ्या घोरायला लागल्या. लाईट आली तरी कुणी उठेना. मामाही गाढ झोपले. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पुस्तक लागू पडलं की!"

मग जेठ महिन्याच्या शेवटाला त्यांनी दिली कादंबरी.

इथं आमच्या बायकांची एक गंमत झाली. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, हे मी सांगितलं होतं. पण आम्ही जन्मभर मोठ्यानं वाचलेली गोष्ट ऐकली ती पोथीतलीच. त्यामुळं कुणी ते मनावरच घेतलं नाही. नदीकाठच्या वस्तीत एकटी राहणारी एक बाई, तिची म्हैस, तिच्याशी भांडलेली बहीण, अशी ती गोष्ट. वाचायच्या आधी बायका हात जोडायच्या. एक जण चपला ओट्याखाली काढून ठेवायला लागली, मग सगळ्याच. एकीनं मला हळूच विचारलं, "ती बाई कोणत्या गावाला असती? औंदा तिकडं जाणं झालं तर वटी भरून येईन म्हणते."

म्हटलं, "आवं, ती खरी न्हाय."

"खरी न्हाय तर तिचं एवढं लिहिलं कुणी?"

मला तरी कुठं नीट सांगता येत होतं?

आणि एक दिवस असं झालं. गोष्टीतल्या नदीला पूर आला. वस्ती रिकामी झाली, सगळे टेकडावर गेले, आणि ही बाई म्हशीचं दावं सोडायला एकटी मागं फिरली. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला, मग कमरेला. दाव्याची गाठ भिजून आवळली होती, सुटेना. ओट्यावर कुणी हलत नव्हतं. तेवढ्यात लाईट आली.

मी पुस्तक फटकन मिटलं आणि उठले. अकरा डबे लागले होते, काय करणार? पोथीचा एक नियम आहे, तो मला चांगला ठाऊक होता. कुणाला संकटात ठेवून पोथी मिटायची नसते. कितीही उशीर होवो, तो माणूस सुटेपर्यंत वाचायचं आणि मगच फडकं बांधायचं. पण ही काय पोथी होती? मी पट्ट्याकडं निघाले.

मागून काठी आपटली. मला वाटलं पाणी पाहिजे असेल. ग्लास घेऊन वळले, तर मामा बाजेवर ताठ बसलेले. मान थरथरत होती, तोंड वाकडं होत होतं, गळ्याची शीर फुगलेली. आणि ते खांबाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"ती," मामा म्हणाले. "ती... पाण्यात... हाय."

मी ग्लास खाली ठेवला.

"मिटू... नको."

बावीस वर्षांत मामा माझ्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द. मला रडू फुटलं, भर ओट्यावर, पीठ लागलेल्या हातानं तोंड झाकून रडले. एक म्हातारी मला दटावून म्हणाली, "रडतीस काय येडे, वाच आधी. बाई बुडंल तिथं." मी खाली बसले. लाईट होती तरी गिरणी लावली नाही. गाठ सुटली, म्हैस सुटली, बाई शेपूट धरून टेकडाला लागली, तेव्हा कुठं मी पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळी अर्ध्या गल्लीच्या भाकरी उशिरा झाल्या आणि कुणी तक्रार केली नाही.

त्या दिवसापासून मामा वाचनाच्या वेळी एखाद-दुसरा शब्द बोलायला लागले. मी पान संपवून थांबायची. ते जोर लावायचे. कधी शब्द यायचा, कधी दुसराच यायचा, मग ते मान हलवून पुन्हा शोधायचे. बायका ज्वारी निवडत बसायच्या. घाई कुणाला? लाईटीची दोन-दोन तास वाट बघणाऱ्या बायकांना एका शब्दाची वाट बघायला काय जड? मला तर वाटायला लागलं, होणार, श्रावणात मामा मंदिरात बसणार.

श्रावणाला आठ दिवस उरले तेव्हा मंदिराची दोन माणसं आली. चांगली माणसं, मामांना मानणारी. चहा घेतला, तब्येत विचारली. मग म्हणाले, "अण्णा, औंदा जमंल का?"

मामांनी सुरुवात केली. "म... मी..." पुढचा शब्द येत होता, मला दिसत होतं, ओठांवर येत होता. पण त्या माणसानं मायेनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या, राहू द्या अण्णा. तरास घेऊ नका. आराम करा."

मामांनी तोंड मिटलं. माणसं गेली. जागा गेली. त्यांच्यावर मला राग आला, मग वाटलं, मी तर हसले होते, त्यांनी निदान हात तरी धरला. पण थांबले असते जरा तर काय बिघडलं असतं? त्या दिवसापासून मामा पुन्हा काठी आपटायला लागले. वाचनाला बाजेवर असायचे, पण तोंड भिंतीकडं. मी मनात म्हटलं, संपलं. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात गेलं.

मधे मामांच्या गोळ्या आणायला धाराशिवला जावं लागलं. स्टँडच्या बाहेर हातगाड्यावर जुनी पुस्तकं लागलेली. तिथं मी एसटी चुकेपर्यंत उभी राहिले. एका मोटार ड्रायव्हरनं लिहिलेल्या आठवणी होत्या, त्या घेतल्या. आयुष्यात स्वतःच्या पसंतीनं घेतलेलं पहिलं पुस्तक. परतीच्या गाडीत ते मांडीवर धरून बसले आणि मामांचं एवढं दुःख डोक्यात असतानाही मला आतून बरं वाटत होतं, त्याला काय करावं?

कादंबरीचं शेवटचं प्रकरण श्रावणाच्या आदल्या दिवशी आलं. बायकांनी परस्पर समाप्ती करायचं ठरवलं. कुणी नारळ आणला, कुणी शिरा करून आणला. बाईंनाही बोलावलं. त्या आल्या, शिऱ्याचं पातेलं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कादंबरीची समाप्ती!" त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला कळलं तर धन्य होईल."

लाईट गेली. मी वाचलं. त्या बाईची बहीण शेवटी येते, दोघी म्हशीच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, कुणी काही बोलत नाही, आणि पुस्तक संपतं. मी मिटलं.

"आन् फळ?" एकीनं विचारलं.

पोथीच्या शेवटाला फलश्रुती असते. ही ऐकली की काय मिळतं, कुणाचं कोणतं संकट टळतं, ते सांगितलेलं असतं. या पुस्तकात ती नव्हती. मी शेवटचं पान उलटून दाखवलं, कोरं होतं. बायका हिरमुसल्या. मग त्या दटावणाऱ्या म्हातारीनं मान वळवली. "सूचक हायत की हितं. त्यांला विचारा. काय वो अण्णा, काय फळ ह्याचं?"

मामांचं तोंड भिंतीकडं होतं. मला त्या म्हातारीचा राग आला, म्हणणार होते, राहू द्या आता. पण तेच शब्द मी आठ दिवसांपूर्वी ऐकले होते. मी गप्प बसले. सगळ्याच बसल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मामा वळले. जोर लावला. "ह्याचं... ह्याचं... चप्पल."

माझा तर जीवच गेला. मामा माझ्याकडं बघत होते, तेच दवाखान्यातलं बघणं. आणि मग त्यांच्या ओठाचा कोपरा वर गेला. मागून दुसराही गेला. खांदे हलायला लागले. मामा हसत होते, स्वतःच्याच चपलेला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी हसले, बाई हसल्या, सगळा ओटा हसला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी हात वर केला, मंदिरात करायचे तसा.

"फळ... काय... न्हाय. आपुन... संगं... बसलो." थोडं थांबले. "बास."

म्हातारीनं नारळ फोडला. शिरा वाटायला घेतला. तेवढ्यात लाईट आली, आत दिवा लागला, आणि मी सवयीनं उठायला लागले, कारण डबे होतेच. मामांनी काठी आपटली नाही. त्यांनी काठीचं टोक माझ्या पिशवीकडं केलं. पिशवीतून ड्रायव्हरचं ते नवं पुस्तक डोकावत होतं.

मंदिरात बाई वाचक झालेली मी कधी बघितली नाही. मामांनी मांडीवर थाप मारली, माझ्याकडं बघितलं, आणि प्रत्येक शब्द नीट शोधून म्हणाले, "हां... चला... महाराज."

मी खाली बसले आणि पहिलं पान उघडलं.